टायर काळाकुळकुळीत दिसला, की आधी ओला फडका मागा

जुनी गाडी बघायला जावं तर ती नेमकी त्याच सकाळी धुतलेली असते. बॉनेटवर चमक, डॅशबोर्डवर चमक आणि चारही टायर असे काळेकुळकुळीत, की जणू कालच दुकानातून आणून चढवलेत. ‘टायरकडे दोन वर्षं बघायला नको, साहेब,’ हे वाक्य ठरलेलं. व्यवहार होतो, गाडी घरी येते. दोन पाऊस आणि एक-दोन धुण्यांनंतर तेच टायर तपकिरी पडतात, रिमच्या कडेला बारीक चिरा दिसू लागतात आणि पंक्चरवाला बाजूवरचा आकडा वाचून दाखवतो: २६१७. म्हणजे टायर २०१७ सालच्या २६व्या आठवड्यातला. चार टायरांचा खर्च अंगावर येतो. ज्या पॉलिशने हे सगळं झाकलं गेलं, त्याचा खर्च चारही टायर मिळून एका वडापावाएवढाही नसतो.

ही करामत करायला वीस मिनिटं पुरतात. बिनलेबलच्या पाच लिटरच्या कॅनमधलं जे ‘टायर पॉलिश’ मिळतं, ते बहुतेकदा सिलिकॉन तेल आणि ते पातळ करायला रॉकेल किंवा एमटीओ, म्हणजे पेंटवाले वापरतात ते टर्पेंटाइन. ब्रशने फासलं की करडं पडलेलं रबर क्षणात काळं होतं आणि तेल बारीक चिरांमध्ये शिरून बसतं, त्यामुळे दोन फुटांवरून चीर दिसत नाही. काही ठिकाणी त्याहून स्वस्त उपाय असतो: जळकं ऑइल. इंजिनातून काढलेलं तेल टायरला लावायचं. काही ठिकाणी चक्क काळा रंग मारतात. तो ओळखायला सोपा, कारण बाजूवरच्या उठावदार अक्षरांच्या कोपऱ्यात साचतो आणि नखाने खरवडला की पापुद्रा निघतो.

म्हणून गाडी बघताना पहिली मागणी ओल्या फडक्याची. अर्धा लिटर पाण्यात झाकणभर कार शाम्पू, त्यात भिजवलेलं पांढरं कापड आणि टायरच्या बाजूवर हातभर जागा जोर लावून पुसायची. कापडाला काळा-तपकिरी तेलकट थर आला तर पॉलिश ताजं आहे. तेवढ्यावरून विकणाऱ्याला चोर ठरवू नका, गाडी विकायच्या आधी सगळेच नटवतात. पुसलेल्या जागी काय दिसतं ते महत्त्वाचं. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि दोन ठिकाणी बघा: रिमला टायर भिडतो ती कड, आणि बाजू संपून नक्षी सुरू होते तो खांदा. रबराची ओढाताण तिथे सर्वांत जास्त, त्यामुळे वय तिथेच आधी बोलतं. केसासारख्या वरवरच्या रेषा जुन्या टायरवर असतातच. रेषेत नख अडकलं, किंवा चीर गोलाकार पसरत चालली असेल, तर टायर बदलायचाच आहे असं धरून किंमत बोला. आणि बाजूला फुगा असेल तर बोलणंच नको. फुगा येतो तो बहुतेकदा आतले धागे तुटल्यामुळे आणि तो दुरुस्त होत नाही.

मग तारीख. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. अडचण अशी, की ही पूर्ण ओळ बऱ्याच टायरांना एकाच बाजूला असते आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला बसवलेली असू शकते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची आतली बाजू दिसते. मागच्यांसाठी खाली वाकावं लागतं. वाकायचा कंटाळा केलेले लोकच जास्त फसतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नका, असं मोठ्या टायर कंपन्या स्वतःच सांगतात.

तारखांवरून किलोमीटरची लबाडीही पकडता येते, आणि हे फार कमी लोक करतात. गाडी २०१९ ची, मीटरवर २८ हजार, पण चारही टायर २०२३ चे. साधारण वापरात मोटारीचे टायर ४० हजार किलोमीटरच्या आसपास चालतात. मग २८ हजारांत पहिला संच संपला कुठे? कारण खरंही असू शकतं, टायर फाटला असेल, मालकाला मोठे टायर हवे असतील. पण बिल दाखवा म्हणायला हरकत नाही. डिकीतली स्टेपनीही काढून बघा. ती सहसा गाडीबरोबर आलेली असते, तिची तारीख गाडीच्या जन्माच्या थोडी आधीची हवी.

गोटा झालेल्या टायरचं काय करतात? त्याला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडतात. ट्रकच्या ज्या टायरवर तशी परवानगी कंपनीनेच कोरलेली असते त्यांच्यात खाचेखाली जादा रबर असतं, म्हणून तिथे हे चालतं. मोटारीच्या टायरला खाचेखाली मिलिमीटर-दोन मिलिमीटर रबर, की लगेच पोलादी तारांचा पट्टा. तिथे पातं चालवणं म्हणजे हायवेवर टायर फुटायची सोय. ओळखायचं असं: खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अक्षरं शोधा आणि त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी बघा. तिथे १.६ मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी असायलाच हवी. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. ती पट्टीच नसेल, तर ती कापली गेली आहे. कापलेल्या खाचेच्या भिंती धारदार आणि तळ ताजा काळा दिसतो, शिवाय खोली जागोजागी वेगळी लागते. शे-दोनशे रुपयांचं खोली मोजायचं गेज आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी लावा. नव्या टायरला ७ ते ८ मिलिमीटर असतं. एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला अडीच आलं तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचं दुखणं वेगळं मोजायचं.

दुसरी फसवणूक याहून छोटी, पण दर महिन्याला होणारी. वॉशिंग सेंटरवर ‘पॉलिश फ्री’ म्हणून टायर चमकवून देतात. आठवड्यात टायर तपकिरी. पुन्हा जा, पुन्हा चमक, पुन्हा तपकिरी. ‘तुमच्या टायरची क्वालिटीच तशी’ असं वर ऐकवतात. खरं कारण रबरात आहे. ओझोनमुळे रबर चिरू नये म्हणून कंपनी त्यात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळते. टायर फिरतो, बाजू दबते-ताणली जाते, तसतशी ती हळूहळू बाहेर येतात. बाहेर आलेलं रसायन हवा-उन्हात तपकिरी पडतं. हे टायरचं दुखणं नाही, त्याची ढाल आहे. थोडा तपकिरीपणा चांगल्यातल्या चांगल्या टायरलाही येणार. पण रॉकेल-टर्पेंटाइनवालं पॉलिश ते मेण विरघळवतं आणि आतलं आणखी बाहेर ओढतं. वरचं चिकट सिलिकॉन धूळ आणि ब्रेकची भुकटी धरून ठेवतं. म्हणजे ज्याने काळं केलं तेच तपकिरी करतं, आणि औषध म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. असा धंदा कोणाला नको!

डिझेल मारून धुणं हा त्याच घरातला थोरला भाऊ. गाडीच्या पोटाला डिझेलचा फवारा मारला की ग्रीस-चिखल सुटतो हे खरं, पण टायरचं रबर तेलाला टिकणारं नसतं. ते डिझेल शोषतं, फुगतं, मऊ पडतं. सस्पेन्शनचे रबरी बुश आणि दारांची रबरं यांचंही तेच होतं. ‘डिझेल नको’ हे गाडी आत घालण्याआधी सांगायचं, नंतर नाही. अलॉय रिमला ‘अॅसिड वॉश’ म्हणाले तरी नकोच. डाग जातो, पण लॅकर, म्हणजे रिमवरचा पारदर्शक थर, पांढुरका होऊन उघड्या अॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि ब्रेक डिस्क गंजते. घरचं टॉयलेट क्लीनरही त्याच जातीचं.

तुमच्यासमोर ठेवलेलं पॉलिश कोणतं हे विचारण्यापेक्षा बघावं. पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग, म्हणजे टायर चमकवायचं द्रव, सहसा दुधाळ पांढरं असतं. पारदर्शक, तेलकट आणि रॉकेलचा वास येणारं, तर समजून घ्या. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर टाका: मिसळून दुधाळ झालं तर पाण्याचं, वर तवंग धरून तरंगलं तर सॉल्व्हंटचं, म्हणजे रॉकेल-टर्पेंटाइनसारख्या द्रावकाचं. वासाकडेही लक्ष असू द्या, कारण रॉकेलसुद्धा साबणासारखं रसायन घालून पाण्यात मिसळवता येतं.

घरी नीट करायचं तर वेळ काढावा लागतो. गाडी सावलीत, टायर हाताला थंड. टायरची बादली आणि ब्रश बॉडीच्या सामानापासून वेगळे, नाहीतर ब्रेकच्या भुकटीने पेंटवर रेघा उठतात. आधी नुसत्या पाण्याने चिखल काढा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूटभर लांब ठेवा, आणि गोल फिरणारं टोकदार धारेचं नोझल बाजूवर अजिबात नको, रबर कापलं जातं. मग ऑल पर्पज क्लीनर. जुने थर बसलेल्या टायरला पहिल्यांदा एकास चार, म्हणजे १०० मिलि क्लीनरला ४०० मिलि पाणी. पुढे महिन्याच्या धुण्याला एकास दहा पुरे. बाटलीवर कंपनीने वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच खरं. एका वेळी एकच टायर फवारा, मिनिटभर थांबा, वाळू देऊ नका, आणि कडक नायलॉन ब्रशने गोलाकार घासा. तारेचा ब्रश नको. पहिला फेस चहाच्या रंगाचा येईल. धुवा, पुन्हा फवारा. फेस पांढरा येईपर्यंत हे करायचं, दुर्लक्षित टायरला तीन-चार वेळा लागतं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: एकदा घासून तपकिरी थरावरच ड्रेसिंग लावतात आणि ते टिकत नाही म्हणून बाटलीला नावं ठेवतात. क्लीनर अलॉयवर वाळला तर डाग पडतो, म्हणून रिम सतत ओली ठेवा.

उलट टोकही वाईट. दर आठवड्याला तीव्र क्लीनरने घासलं तर कंपनीने दिलेलं मेणच धुऊन जातं. पांढरं करायचं ब्लीच तर रबराच्या जवळही नको.

टायर पुसून पंधरा मिनिटं वाळू द्या. ओल्यावर लावलं तर डाग-डाग दिसतं. स्पंजवर ५ मिलि ड्रेसिंग, म्हणजे चहाचा एक चमचा, एका टायरला भरपूर. पातळ थर, अक्षरांच्या कडांतून नीट, दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने जादाचं पुसून घ्या. जास्त काळं हवं असेल तर पुन्हा तसाच पातळ थर. जाड थराने काही टिकाऊपणा वाढत नाही, फक्त गाडी हलल्यावर चाकाच्या कमानीमागे पेंटवर शिंतोडे उडतात. लावल्यावर अर्धा तास गाडी हलवू नका. काहीच विकत घ्यायचं नसेल तर ग्लिसरीन आणि पाणी समसमान चालतं. ग्लिसरीन रबर फुगवत नाही, मात्र धूळ धरतं आणि पहिल्या पावसात जातं. खोबरेल, जळकं ऑइल, बुटाचं पॉलिश यांचं टायरशी काही देणंघेणं नाही.

नक्षीवर काहीही लावायचं नाही. स्कूटर-मोटारसायकलच्या टायरला तर बाजूलाही नाही. दुचाकी वळणावर झुकते तेव्हा खांदाच रस्त्याला टेकतो आणि तिथे सिलिकॉन असेल तर ओल्या रस्त्याची गरज नाही, कोरड्यावरही घसरते. वॉशिंगवाल्याने प्रेमाने मारलं असेल तर तिथेच शाम्पूने दोनदा धुवून मागा. मोटारीच्या ब्रेक डिस्कवर फवारा गेला असेल तर तेही गंभीर. पाण्याने जात नाही, ब्रेक क्लीनर लागतो.

हल्ली ‘टायरला सिरॅमिक, तीन वर्षं गॅरंटी’ असं पॅकेज निघालंय. टायरची कोटिंगं खरी असतात आणि ड्रेसिंगपेक्षा जास्त टिकतात, पण हिशोब महिन्यांचा असतो. दर फेरीला दबणाऱ्या आणि आतून मेण बाहेर टाकणाऱ्या पृष्ठभागावर तीन वर्षं काय टिकणार? गॅरंटी कशाची, चमक गेली तर मोफत लावून देणार की पैसे परत, हे बिलावर लिहून मागितलं की आवाज बदलतो.

आणि ज्यांचं आधीच झालंय त्यांच्यासाठी. गाडी डीलरकडून घेतली असेल, तर ती ग्राहक तक्रार होऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. डीलर नसलेल्या मालकाकडून थेट घेतली असेल तर हा रस्ता नाही. दोन्ही बाबतींत पुरावा मात्र एकच कामाला येतो: जाहिरातीचा किंवा व्हॉट्सअॅपवरचा ‘नवे टायर’ हा मजकूर, टायर पुसल्यानंतरचे फोटो आणि पाचही तारखांचे फोटो. अजून घ्यायची असेल तर डिलिव्हरी नोटवर एक ओळ लिहून सही घ्या: ‘टायर पाच, स्टेपनीसह, तारखा अशा अशा.’ या ओळीला जो नाही म्हणतो, त्याच्या गाडीची आतली बाजू टॉर्च घेऊन पुन्हा एकदा बघा.