३५, ५०, ८५ की एकच २८-७०?

तुळशीचं लग्न लागलं की आमचा, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा, सीझन सुरू. त्याच्या आधी दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, प्राइम विकून एफ/२ ची झूम घेऊ का?" (प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, झूम म्हणजे ती बदलता येणारी; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.) कॅननने २८-७० मिलिमीटर एफ/२ झूम आणली २०१८ मध्ये, पण ती १,४३० ग्रॅमची. हळदीपासून वरातीपर्यंत गळ्यात वागवायची म्हणजे शिक्षाच. सोनीची २०२४ च्या शेवटी आली ती ९१८ ग्रॅमची. तेव्हापासून सोनीवाल्यांनाही हा विचार खरोखर करावासा वाटू लागला.

माझ्याकडे सोनीच्या तीन प्राइम होत्या: ३५ एफ/१.४ जीएम (जीएम म्हणजे सोनीची वरची श्रेणी), ५० एफ/१.४ जीएम आणि ८५ एफ/१.८. मिळून १,४११ ग्रॅम. कागदावर झूम अर्ध्या किलोने हलकी. पण बॅग कोपऱ्यात पडलेली असते, कॅमेरा हातात असतो. माझ्या सोनी ए७ फोर कॅमेऱ्याला ३५ लावली तर सगळं बाराशे ग्रॅमच्या आत, झूम लावली तर दीड किलोच्या वर. पहिल्या आठवड्यात माझं मनगट बोलत होतं.

आता उजेड. १.४ वर ज्या कार्यालयात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पुरतो, तिथे एफ/२ ला ६४०० लागतो आणि एफ/२.८ ला १२,८००. ६४०० ला आजची फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी रडत नाही. १२,८०० ला, त्यात स्टेजमागे जांभळी एलईडी वॉल असली, की नवरीच्या चेहऱ्याचा रंग सांभाळताना माझी दमछाक होते. म्हणून २४-७० एफ/२.८ जीएम टू फक्त ६९५ ग्रॅमची असूनही मी तिच्याकडे वळलो नाही. दिवसाउजेडी, मोकळ्या लॉनवर लग्नं करणाऱ्याने मात्र तीच घ्यावी.

पार्श्वभूमी किती विरघळेल याचा ढोबळ हिशोब सोपा आहे: फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागा. ५० एफ/१.४ चे येतात ३६ मिलिमीटर, झूमचे ७० वर ३५. म्हणजे चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला, तर मागचे दिवे जवळपास सारखेच धूसर. ५० ची गरज तिथेच संपली. ८५ एफ/१.८ चे मात्र ४७ येतात, आणि ते डोळ्यांना दिसतं. उलट ३५ वर झूमचे साडेसतरा, प्राइमचे पंचवीस. पूर्ण उंचीच्या फोटोत नवरी मागच्या गर्दीतून सुटी करायची तर ३५ प्राइमच जिंकते.

पण लग्नाचा खरा निकाल अंतरपाटाशी लागतो. शेवटचं "सावधान" झालं, पाट खाली आला, की पाच-सात सेकंदांत तीन फोटो हवेत: अख्खं स्टेज, दोघांचे चेहरे, मागे उभ्या आईचे डोळे. ३५ लावून उभा असलो की पहिला मिळायचा, बाकीचे क्रॉप. एकदा तिथेच घाईने लेन्स बदलली आणि रात्री घरी पाहिलं, तर मागच्या झाकणात अक्षतेचा हळदीचा दाणा. सेन्सरवर गेला नाही, नशीब माझं. झूमने हा प्रकार बंद झाला. दोन बॉड्या असतील, एकीवर ३५ आणि दुसरीवर ८५ लावायची सवय असेल, तर तुम्हाला झूमची निकड नाही. ५० विकून टाका आणि गप्प बसा.

व्हिडिओत गंमत उलटी. ३५ आणि ५० जीएमच्या वजनात आठच ग्रॅमचा फरक, त्यामुळे गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) पुन्हा तोलायला वेळ जात नाही. माझ्या तिन्ही प्राइमना ६७ मिलिमीटरचे फिल्टर चालायचे, झूमला ८६ चे. तो खर्च कुणी आधी सांगत नाही. शिवाय ७० वर लांबी कमी पडली तर क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा मधलाच भाग वापरून) १०५ मिळते, पण ३३ चे १४ मेगापिक्सेल होतात. अल्बमला चालतं, मोठ्या फ्रेमला जपून. दहा बाय दहाच्या खोलीत नवरी तयार होताना २८ पण अडकते, तिथे २४ ची आठवण येते.

आणि सगळी अंडी एका टोपलीत हा प्रश्न उरतोच. झूम आपटली तर भाड्याने आणू म्हणाल, पण दाट मुहूर्ताच्या दिवशी भाड्याच्या लेन्स सगळ्यांनी आधीच उचललेल्या असतात.

विकण्याआधी लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये मागच्या सीझनचे डिलिव्हर केलेले फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघा. नुसते आकडे मोजू नका, ३५ वर काढून नंतर निम्मे कापलेले किती आहेत ते बघा. माझे जवळपास तिसरा हिस्सा निघाले. मी ३५ आणि ५० विकल्या, वर बरेच पैसे घातले, झूम आणली. ८५ ठेवली आहे. बिदाईच्या वेळी तीच लावतो, कारण तेव्हा मला लांब उभं राहायचं असतं.