क्रूझला एकटीने जावे की दोघांनी?

निफाडकडच्या एका मैत्रिणीला मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जायचे आहे, पण नवऱ्याचा पाय द्राक्षबागेतून निघत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत बाग सोडता येत नाही, एप्रिलमध्ये खरडछाटणी (काढणीनंतरची वेलींची छाटणी) येते आणि पावसाळ्यात मुंबईच्या क्रूझ बंद असतात.

खर्चात एकटीने जाणे महागच पडते. केबिनचे भाडे दोन माणसे धरून ठरवलेले असते, त्यामुळे एकट्या प्रवाशाला दुसऱ्याच्या भाड्याचाही मोठा भाग, कधी जवळजवळ सगळा, भरावा लागतो. जाहिरातीतला माणशी दर तिला लागू होत नाही. दोघे गेल्यास तेवढ्याच केबिनमध्ये दोघांचे भागते, मात्र बागेसाठी भरवशाचा माणूस ठेवावा लागतो.

प्रवासाची दगदग दोन्हीकडे सारखीच आहे: पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटी गाठले की क्रूझ जिथून सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का जवळच आहे.

खरा प्रश्न नात्याचा आहे. नातेवाईक कुजबुजतील, ते मी फारसे मोजत नाही. पण नवऱ्याने नाइलाजाने ‘जा’ म्हटले असेल, तर ती अढी राहते. खोल समुद्रात मोबाइलची रेंज जाते आणि वायफायला बहुधा वेगळे पैसे पडतात, म्हणून बोलण्याची वेळ आधीच ठरवावी.

ज्यांना स्वतःसाठी निवांत वेळ हवा आहे आणि घरी मोकळेपणाने बोलणे झाले आहे, त्यांनी दोन-तीन रात्रींची सफर खुशाल एकटीने करावी. सोबतीची ओढ असेल, तर थांबून मेमधली तारीख पाहावी.