दोन मुलांत अंतर किती ठेवावं? पाठोपाठ की तीन-चार वर्षांनी

पहिलं मूल चालायला लागलं की "आता दुसऱ्याचं काय?" हा प्रश्न चहूबाजूंनी सुरू होतो. सल्लेही ठरलेले असतात. कोणी म्हणतं, एकदाच काय ती दगदग उरकून घ्या, दोघं बरोबरीने वाढतील. कोणी म्हणतं, पहिल्याला जरा कळतं होऊ दे, मग बघा. दोन्ही बाजूंचे लोक स्वतःच्या अनुभवावरून बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं. पण दुसरं मूल आल्यावर पहिल्या वर्षात घरात नेमकं काय चालतं, कुठे जड जातं आणि कुठे हलकं होतं, हे कोणी नीट सांगत नाही. ज्याला ठरवायचंय त्याला तेच हवं असतं.

आमच्या घरात दोन्ही अंतरं आहेत. थोरला आणि मधली यांच्यात पावणेदोन वर्षं, मधली आणि धाकटा यांच्यात चार. माझा कौल आधीच सांगते: वय आणि तब्येत साथ देत असेल तर तीन वर्षं किंवा त्याहून थोडं जास्त. पाठोपाठच्या मुलांचे फायदे खरे आहेत, पण ते दोन वर्षांनंतर मिळायला लागतात. तोवरची किंमत आधी मोजावी लागते, आणि ती बहुतेक वेळा आई मोजते.

आईचं शरीर

या एका बाबतीत दोन्ही बाजू सारख्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. त्यात गर्भारपणाचे नऊ महिने मिळवले की दोन मुलांतलं अंतर पावणेतीन वर्षांवर जातं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला थोडा सैल आहे. सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस जाणं टाळावं, आणि १८ महिन्यांच्या आत ठरवत असाल तर त्यातले धोके-फायदे डॉक्टरांशी बोलून घ्यावेत, असं ती संघटना म्हणते. कारणं समजण्यासारखी आहेत. गर्भारपण आणि अंगावर पाजणं यांत शरीरातलं लोह आणि फोलेट खर्ची पडतं, ते भरून यायला वेळ लागतो. फार कमी अंतर असेल तर बाळ दिवसांआधी जन्मण्याची किंवा कमी वजनाचं असण्याची शक्यता वाढते. पहिलं सिझेरियन झालं असेल आणि दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीची इच्छा असेल, तर गर्भाशयावरच्या व्रणाला भरून यायला पुरेसा अवधी मिळालाय का, हा प्रश्न फारच महत्त्वाचा ठरतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकते, कारण कित्येक घरांत अंतर ठरवलं जात नाही, ते होऊन जातं. "अंगावर पाजतेय, म्हणजे दिवस जाणार नाहीत" हे फक्त तीन अटी एकत्र पाळल्या जात असतील तरच भरवशाचं आहे: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरच पिणारं, आणि आईची पाळी अजून आलेली नाही. यातली एक जरी अट मोडली तरी दुसरा उपाय हवा.

लांब अंतरालाही मर्यादा आहे. पाच वर्षांहून जास्त अंतर पडलं तर गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा त्रास होण्याची शक्यता थोडी वाढते. शिवाय पस्तिशीनंतर दिवस राहायलाच वेळ लागू शकतो. म्हणून छत्तीस-सदतिसाव्या वर्षी पहिलं मूल झालेल्या बाईला "तीन वर्षं थांब" असं सरसकट सांगणं मला पटत नाही. तिचा हिशोब वेगळा आहे, आणि तो तिच्या डॉक्टरांसोबतच मांडायला हवा.

दिवस कसा जातो

पाठोपाठच्या मुलांच्या घरात पहिलं वर्ष जड का जातं? दीड-दोन वर्षांच्या मुलाला थांबता येत नाही. "बाळाला पाजून घेते, मग तुला घेते" यातला "मग" त्याला कळतच नाही. त्याला भाषा नाही, धीर नाही, आणि आईपासून दूर राहण्याची भीती नुकतीच ओसरू लागलेली असते किंवा अजून भरात असते. आमच्याकडे संध्याकाळी हमखास असं व्हायचं: मधली मांडीवर पीत असायची, थोरला नुकताच डायपर सोडलेला, आणि तो बाथरूमच्या दारातून ओरडायचा की शी आली. उठावं तर ही रडणार, बसावं तर तिकडे ओलं होणार. जिना उतरतानाही तेच. दोघांनाही उचलूनच न्यावं लागायचं आणि हात दोनच. तेव्हा घरात दुसरं माणूस आहे की नाही, यावर दिवस ठरतो.

चार वर्षांच्या अंतरात हा ताण खूप कमी असतो. चार वर्षांची मुलगी स्वतः बाथरूमला जाते, जिना उतरते, बूट घालते, आणि मुख्य म्हणजे बोलून दाखवते. "आई, तू सारखी त्यालाच घेतेस" हे वाक्य ऐकताना वाईट वाटतं, पण ते ऐकायला मिळतं हीच मोठी गोष्ट आहे. पावणेदोन वर्षांचं मूल तेच दुःख चावून, ढकलून किंवा रात्री तीनदा उठून सांगतं.

पण दुपारचा विचार केला तर पारडं उलटं होतं, आणि हे आधी कोणी सांगत नाही. बहुतेक मुलं साधारण १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात आणि ती दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुटते. त्यामुळे अंतर दोन वर्षांच्या आत असेल तर काही महिन्यांत दोघांची दुपार जुळवता येते. थोडं चिकाटीने वेळ सरकवत नेली की दोघं एका वेळी झोपतात आणि घरात तास-दीड तास शांतता मिळते. त्या वेळात मी स्वतः आडवी व्हायचे, आणि त्यावर माझी संध्याकाळ तरायची. चार वर्षांच्या अंतरात हे होत नाही. बाळाला झोप लागते न लागते तोच मोठीला शाळेतून आणायची वेळ होते. मग झोपलेल्या बाळाला उचला, ते चिडचिडं होतं, संध्याकाळ बिघडते. मोठं मूल घरी असलं तरी त्याला दुपारी कुजबुजत बसवणं अवघड. बाळाच्या झोपेचं मोठ्याच्या दिनक्रमापायी खोबरं होतं, आणि हे दोन-तीन वर्षं चालतं.

झोपेची गरज लक्षात ठेवली तर वेळापत्रक आखणं सोपं जातं. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दिवसाची झोप धरून. रात्री लवकर निजवायची वेळ तिन्ही वयांना जवळपास सारखी ठेवता येते, आणि ती ठेवावीच. फक्त बाळ आणि मोठं भावंड एकाच गादीवर नको. झोपेत मोठ्याचा हात-पाय किंवा पांघरूण बाळाच्या तोंडावर येऊ शकतं. एका खोलीत झोपवा, पण बाळाची जागा वेगळी आणि मोकळी हवी.

जमिनीवरच्या वस्तूंचा धोका मात्र लांब अंतरात जास्त. पाठोपाठच्या मुलांची खेळणी साधारण एकाच मापाची असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाकडे बारीक ठोकळे, मणी, बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी येतात. रांगणारं बाळ ते सगळं थेट तोंडात घालतं. तो चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा घरी वाट न बघता तडक दवाखाना गाठावा. आम्ही मधलीचं बारीक सामान टेबलावरच खेळायचं, खाली आणायचं नाही असा नियम केला. तिला तो जाचक वाटला नाही, उलट आपलं काहीतरी मोठेपणाचं आहे असं वाटलं.

डायपर सोडवण्याबद्दल एवढंच: बाळ येण्याच्या तोंडावर ते सुरू करू नका. सुटलेलं असलं तरी बाळ आल्यावर मोठं मूल पुन्हा कपड्यांत शू करायला लागू शकतं. रागावू नये, काही आठवड्यांत सावरतं.

टप्पे, आणि तुलना

पालथं पडणं, बसणं, रांगणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द. एकाहून जास्त मुलं असली की या प्रत्येक टप्प्याला घरातच मोजपट्टी तयार असते, आणि अंतर जितकं कमी तितकी ती मोजपट्टी ताजी. थोरला कधी चालला हे अजून डोळ्यांसमोर असतं, म्हणून मधली त्या वयाला उभी राहिली नाही की जीव टांगणीला लागतो. चार वर्षांनी तीच आठवण धूसर झालेली असते, आणि त्याचा बाळाला फायदा होतो.

म्हणून पाठोपाठचं मूल ठरवत असाल तर एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये हालचालींच्या टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणं साधारण पावणेचार ते सव्वानऊ महिन्यांच्या दरम्यान. स्वतःहून चालणं साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारा भाऊ आणि सोळाव्या महिन्यात चालणारी बहीण, दोघंही अगदी ठीक. त्या अभ्यासातली काही मुलं तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. "थोरला या वयात पळत होता" हे वाक्य घरात कोणीही उच्चारलं तरी तो कागद दाखवावा. मूल मोठं होतं तसं त्याला ही वाक्यं कळायला लागतात.

याच्या उलट एक गोष्ट मी तितक्याच कळकळीने सांगते. मोठं भावंड आहे म्हणून धाकट्याच्या बोलण्याकडे दुर्लक्ष होतं. "ताई सगळं सांगते, म्हणून हा बोलत नाही" हे ऐकायला गोड आहे, पण त्या समजुतीवर विसंबून थांबू नये. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला बघत नसेल, किंवा येत असलेलं काही बोलणं-वागणं हरवलं असेल, तर घरात कितीही भावंडं असोत, डॉक्टरांना दाखवायचं. कान तपासून घ्यायचे. हा नियम कमी अंतराला आणि जास्त अंतराला सारखाच आहे.

आनंदाच्या बाबतीत मात्र मोठं अंतर मला फार उजवं वाटलं. मधलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा थोरल्याला त्याचं काही नव्हतं, तो तिच्या हातातलं खेळणं ओढत होता. धाकट्याने सोफ्याचा हात सोडला तेव्हा मधलीच आधी ओरडली, "आई, सोडला! हात सोडला त्याने!" आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पसरून "ये, ये" करत राहिली. तो तिच्याकडेच चालला. अजूनही तो नवीन काही करून दाखवायचं असलं की आधी तिच्याकडे बघतो.

दोघांचं जमेल का?

पाठोपाठची मुलं खेळगडी होतात, हे खरं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यांचा एकच खेळ रंगतो, एकच गोष्ट दोघांना आवडते, बाहेर कुठे गेलं तरी दोघांना एकाच ठिकाणी मजा येते. आता थोरला आणि मधली तासन्‌तास खेळतात आणि आम्हाला हाकही मारत नाहीत. भांडतातही तितकीच, कारण दोघांना एकाच वेळी एकच वस्तू हवी असते. जास्त अंतरात भांडणं कमी, पण एकत्र खेळही कमी. तिथे माया असते, बरोबरी नसते. फक्त "दोघांची मैत्री होईल" एवढ्याच आशेवर अंतर कमी ठेवू नका. मैत्री स्वभावांवर जास्त अवलंबून असते, आणि स्वभाव आधी कळत नाहीत.

नोकरीचं थोडक्यात. पाठोपाठ असली तर कामातला खंड एकच पण लांब, आणि कामावर परतल्यावर दोन लहान मुलांची सोय एकदम करावी लागते. अंतराने असली तर दोनदा थांबायचं, दोनदा सुरुवात, पण प्रत्येक वेळी सांभाळायला एकच तान्हं बाळ. कोणतं परवडेल हे कामाच्या स्वरूपावर आहे, याला एकच उत्तर नाही.

मग काय ठरवावं?

पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं असेल, रक्त कमी असेल, बाळंतपणानंतर मन फार खचलं असेल, किंवा घरात मदतीला कोणी नसेल, तर थांबा. यातली एक जरी गोष्ट तुमच्या बाबतीत असली तरी किमान दोन वर्षं पुढचा विचार नको, आणि कोणी घाई केली तर ही कारणं स्पष्ट सांगा. तुमचं वय पस्तिशीच्या पुढे असेल, तब्येत चांगली असेल आणि घरात रोज हाताशी असणारं माणूस असेल, तर दीड-दोन वर्षांचं अंतर झेपेल. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या, लोह आणि फोलिक अॅसिड आधीपासून सुरू करा. तिशीच्या आतबाहेर असाल आणि कसलीच घाई नसेल, तर पहिल्याची तीन वर्षं पूर्ण होऊ द्या.

आणि ठरवण्याआधी दोघांनी एकदा बसून रात्रीचं बोलून घ्या. बाळ उठलं तर कोण उठणार, त्याच वेळी मोठं उठलं तर कोण, सकाळी मोठ्याचं सगळं कोण आवरणार, आणि आईला दिवसात सलग दोन तास झोप कधी मिळणार. या चार प्रश्नांना नावानिशी उत्तरं मिळत नसतील, तर ती मिळेपर्यंत दुसऱ्या मुलाचं पुढे ढकला.