नर्सिंग रोस्टरचं सॉफ्टवेअर: सणाची ड्युटी नीट वाटायची असेल तर

सणाला कोणाची ड्युटी लागली यावरून ज्या वॉर्डात दरवर्षी तोंडं फुगतात, त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरसाठी हे लिहिते आहे. आमच्या हॉस्पिटलने वहीतली ड्युटी लिस्ट बंद करून रोस्टरचं सॉफ्टवेअर आणलं, आणि मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज म्हणून सुट्ट्यांचे सगळे मोसम मी त्यावरच काढले. याच धाटणीची बरीच सॉफ्टवेअर बाजारात आहेत, म्हणून नाव देत नाही. कुठलंही घेताना बघायच्या गोष्टी याच आहेत. घ्यावं का, असं विचाराल तर जरूर घ्या. पण बटण दाबलं की सणाची ड्युटी न्यायाने वाटली जाईल, या भरवशावर घेऊ नका. सॉफ्टवेअर हिशेब ठेवतं. कशाला न्याय म्हणायचं हे आपण आधी ठरवून त्यात भरावं लागतं, आणि विकायला येणारे हे सांगत नाहीत.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मागची नोंद. वहीत महिन्याचं पान उलटलं की गेल्या सणाला कोण होतं हे विसरायला होतं, आणि मग जिचा आवाज मोठा तिची आठवण खरी ठरते. इथे प्रत्येकीच्या नावापुढे सणाच्या किती ड्युट्या झाल्या, त्यात नाईट किती, हे सरळ दिसतं. पहिला रिपोर्ट काढला तेव्हा वरची नावं बहुतेक नव्याने लागलेल्या आणि लग्न न झालेल्या मुलींची होती. असा नियम कोणी केलेला नव्हता. ‘तिला काय, तिच्यामागे कुठे संसार आहे’ हे वाक्य ड्युटी रूममध्ये सहज बोललं जातं आणि लिस्ट त्याच वाटेने जाते. पण त्या मुलीचेही आईवडील वाट बघत असतात. सुट्टी ही मुलं असल्याबद्दल मिळणारी सवलत नाही, ती प्रत्येक कर्मचाऱ्याची आहे. तो रिपोर्ट मी वॉर्डाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ठेवला. त्यानंतर हे वाक्य आमच्याकडे कोणी उच्चारलेलं नाही. एवढ्या एका कामासाठीही मी हे सॉफ्टवेअर घेतलं असतं.

आता खरी अडचण. समजा सण 15 तारखेला आहे. आमच्याकडे नाईट रात्री 8 ला सुरू होते आणि सकाळी 8 ला संपते. 14 ची नाईट करणारी सिस्टर 15 ला सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या शिफ्टला रुग्ण सोपवून, घरी जाते, दिवसभर झोपते, आणि घरातले सगळे जमलेले असताना तिचे डोळे उघडत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र तिच्या रकान्यात 15 ला ‘ऑफ’ दाखवतं आणि तिला सण मिळाला असं मोजतं! पुढच्या सणाला मग तीच आधी पकडली जाते. मूळ सेटिंगमध्ये सणाचा दिवस मध्यरात्री 12 ला सुरू होतो आणि पुढच्या मध्यरात्री संपतो, आणि नाईट मात्र ती सुरू झाली त्या तारखेतच मोजली जाते, त्यामुळे हे होतं. ट्रेनिंगला आलेल्या माणसाने ही सेटिंग दाखवलीच नव्हती, फोन करून विचारावी लागली. आम्ही सणाची वेळ आदल्या रात्री 8 पासून दुसऱ्या दिवशी सकाळी 8 पर्यंत धरली. म्हणजे पूर्ण 36 तास. त्यात येणाऱ्या दोन्ही नाईट, मॉर्निंग आणि इव्हनिंग, चारही ड्युट्या सणाच्याच धरायच्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1977 सालची नर्सिंग कर्मचाऱ्यांविषयीची शिफारसही आठवड्याची विश्रांती कुठल्याही परिस्थितीत सलग 36 तासांपेक्षा कमी नसावी असं सांगते. नाईट उतरल्यानंतरच्या झोपेला सुट्टी म्हणायची खोड आपल्या व्यवसायात जुनी आहे आणि ती सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उतरली आहे.

गुणांची सोय चांगली आहे. प्रत्येक ड्युटीला वजन देता येतं. आमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी मिळून नाईटला 2, इव्हनिंगला दीड आणि मॉर्निंगला 1 असं ठरवलं. ज्याचे गुण कमी त्याला पुढची सणाची ड्युटी. पण यातही दोन खड्डे आहेत. एक, 1 जानेवारीला सगळ्यांचे गुण आपोआप शून्य होतात. 31 डिसेंबरची नाईट केलेला ब्रदर (पुरुष नर्स) वर्ष उजाडताच कोऱ्या पाटीने उभा राहतो आणि जानेवारीतला सण पुन्हा त्याच्या वाट्याला येऊ शकतो. ‘गुण पुढे न्या’ हा पर्याय सेटिंगमध्ये शोधून चालू करा. दुसरा खड्डा जास्त वाईट. दुसऱ्या वॉर्डातून बदलून आलेली किंवा बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली सिस्टर शून्य गुणांनी सुरुवात करते. सगळ्यांत कमी गुण तिचे, म्हणून मशीन पुढचे सगळे सण तिच्याच माथी मारतं. तान्हं बाळ घरी ठेवून आलेल्या बाईला हा हिशेब कसा सांगणार? आम्ही अशा प्रत्येकीला वॉर्डाच्या सरासरीइतके गुण हाताने भरून देतो. हे काम आपोआप व्हायला हवं होतं.

रजेच्या अर्जाची पद्धत मला मुळीच पटली नाही. ‘आधी अर्ज, आधी मंजुरी’ हा त्यातला मूळ नियम. वरून तो सरळ वाटतो. पण अर्ज सकाळी उघडतात, आणि त्या वेळी नाईटवाल्या नुकत्याच घरी जाऊन झोपलेल्या असतात. मॉर्निंगला असलेल्यांच्या हातात औषधांची ट्रॉली असते. जी त्या दिवशी ऑफ असते तिचा अर्ज पहिला पडतो. आम्ही अर्जाची मुदत पंधरा दिवस ठेवली आणि ती संपल्यावर सगळे अर्ज एकत्र बघायला लागलो. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर गुण बघायचे, अर्जाची वेळ बघायची नाही. सॉफ्टवेअर याला आडकाठी करत नाही, पण ‘मंजूर’चं बटण इन्चार्जला एकेक करून दाबावं लागतं.

सगळ्यांचा मोठा दिवस एकच नसतो, ही गोष्ट मात्र त्यांनी नीट ओळखली आहे. प्रत्येक जण वर्षाच्या सुरुवातीला आपले महत्त्वाचे दिवस निवडू शकतो. कोणाचा धर्म वेगळा, कोणाला आईच्या वर्षश्राद्धाला घरी असायचं असतं. कारण लिहायची सक्ती नाही, हे मला विशेष आवडलं.

ड्युटी बदलून घेण्याची सोय उत्तम. दोघींनी आपसात ठरवायचं, मोबाईलवरून टाकायचं, इन्चार्जने होकार द्यायचा. बदलामुळे एखाद्या शिफ्टला नुसत्या ज्युनिअर राहत असतील तर आधीच सूचना येते. मोबाईलवर महिन्याचा तक्ता बारीक दिसतो, प्रिंट चांगली येते. एवढं पुरे.

आता लाल पट्टीबद्दल. सगळे नियम पाळून लिस्ट बसत नसेल तर वर लाल अक्षरात ‘मनुष्यबळ अपुरं’ असं येतं. सुरुवातीला बऱ्याच इन्चार्ज वैतागल्या आणि पट्टी जावी म्हणून नियम सैल करत गेल्या. तसं करू नका. ती पट्टी खरं बोलते आहे. चोवीस तास एक नर्स हजर ठेवायची तर आठवड्याचे 168 तास होतात. एकीचे 40 तास धरले तर त्या एका जागेला 4.2 माणसं लागतात, 48 धरले तर 3.5. यात रजा, आजारपण, ट्रेनिंग काहीच धरलेलं नाही. वर्षातले सहा आठवडे त्यासाठी काढले तर 4.2 चा आकडा पावणेपाचच्या घरात जातो. म्हणजे दर शिफ्टला पाच नर्स हव्या असतील तर वॉर्डाला 24 माणसं हवीत. रजेसाठी जादा माणसं मंजूर नसतील तर सण कोणाचा बुडवायचा एवढंच वाटप उरतं, आणि ते कितीही न्यायाने केलं तरी कोणाचा तरी बुडतोच.

आमच्या मेट्रनना, म्हणजे हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांना, मी तोंडी खूप वेळा सांगितलं होतं. लाल पट्टीसह छापलेला तक्ता आणि हे गणित दिल्यावर त्यांनी तो कागद पुढे नेला आणि सणाच्या आठवड्यांसाठी रिलीव्हर, म्हणजे बदली नर्स, मिळाले. वरच्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट सोबत ठेवा. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त आढळली. कॅलिफोर्नियात 2004 पासून नर्समागे किती रुग्ण हे कायद्याने बांधलेलं आहे, आणि ते प्रमाण सदासर्वकाळ पाळायचं असतं, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. सणाच्या दिवशी रुग्ण काही कमी आजारी नसतो.

एक गोष्ट मात्र ताबडतोब बंद करा. आयत्या वेळी कोणी आजारी पडलं की ‘कोण येऊ शकेल?’ असा मेसेज ऑफवर असलेल्या सगळ्यांना जातो, नाईट करून झोपलेल्यांनाही. मेसेज वाचला की नाही हे इन्चार्जला दिसतं, म्हणून वाचलेल्यांवर नकळत दडपण येतं. ज्यांनी आपणहून सणाच्या ऑन-कॉल यादीत नाव दिलंय त्यांनाच मेसेज जाईल अशी सेटिंग आहे, ती करा, आणि ऑन-कॉलला घरी बसून राहण्याचेही गुण द्या.

एकूण या सॉफ्टवेअरला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. घेण्याआधी दाखवायला येणाऱ्या माणसासमोर तुमच्याच वॉर्डाची मागच्या सणाच्या महिन्याची खरी लिस्ट ठेवा आणि ती त्याला भरायला सांगा. आदल्या रात्रीची नाईट तो कशात मोजतो ते बघा. बदलून आलेल्या सिस्टरला किती गुण देतो ते विचारा. लिस्ट किती दिवस आधी लॉक होते आणि नंतर कोणी बदल केला तर त्याचं नाव राहतं का, हेही विचारा. आमच्याकडे ते राहतं, आणि लॉक झालेल्या लिस्टमधले बदल तेव्हापासून खूप कमी झालेत.