जुनो की पोलारिस: कॅनडाचे अल्बम कोणत्या यादीतून निवडावेत?

वर्षभरातलं कॅनडाचं उत्तम संगीत ऐकायचंय, पण सवड दहाएक अल्बमपुरतीच असेल, तर समीक्षकांच्या पोलारिस पुरस्काराची दहाची यादी उचला. जुनो हा तिथल्या संगीत उद्योगाचा पुरस्कार; त्याचा ‘अल्बम ऑफ द इयर’ बहुधा आधीच कानावर पडलेला असतो. त्याच्या नामांकनांत खपाच्या आकड्यांना मोठं वजन असतं. म्हणूनच २०२१ आणि २०२३ मध्ये तिथे पॉप गायक द वीकेंड दिसतो, २०२५ मध्ये पॉप गायिका टेट मॅक्रे. अल्बम वाईट नाहीत, पण ते शोधायला पुरस्कार कशाला हवा?

पोलारिस २००६ पासून दिला जातो. इथे कलाकाराला प्रवेशिका भरता येत नाही. सुमारे दोनशे पत्रकार, रेडिओवाले आणि समीक्षक आपापले पाच आवडते अल्बम क्रमाने लिहून देतात. त्यातून आधी चाळीसची यादी होते, मग दहाची. खप, शैली, रेकॉर्ड कंपनी यांचा विचार करायचा नाही, हा नियम. विजेता मात्र अकरा जणांची समिती सोहळ्याच्या रात्री चर्चा करून ठरवते, म्हणजे निकालात त्या खोलीतल्या वादविवादाचा वाटा असतो. आमच्या मते विजेत्यापेक्षा दहाची यादी जास्त भरवशाची.

म्हणून जुनो सोडून द्यायचा का? नाही, मुख्य विभाग ओलांडून शैलींच्या विभागांत जा. तान्या टगाकचा ‘ॲनिमिझम’, केट्रानाडाचा ‘९९.९%’ आणि जेरेमी डचरचा पहिला अल्बम यांनी पोलारिस जिंकला आणि जुनोही, पण जुनो मिळाला तो आदिवासी आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या विभागांत. डचरचा अल्बम तर मेणाच्या नळकांड्यांवरच्या शतकापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांतून उभा राहिलाय. सुरुवात तिथूनच करा. २०२५ पासून जुनोत दक्षिण आशियाई संगीताचाही विभाग आहे. पंजाबी पॉप ऐकणाऱ्यांना तो उपयोगी.

दोन्ही याद्या ताडून पाहताना घोळ होतो तो वर्षाचा. पोलारिसचं वर्ष आता १ मे ते ३० एप्रिल (पूर्वी ते मे अखेरपर्यंत असे) आणि सोहळा बहुधा सप्टेंबरात. जुनो वसंताच्या सुमारास. ‘९९.९%’ मे २०१६ मध्ये आला, पोलारिस त्याच सप्टेंबरात मिळाला, जुनो थेट २०१७ मध्ये. उलट आर्केड फायर या बँडच्या ‘द सबर्ब्स’ला २०११ मध्ये आधी जुनोचा मुख्य पुरस्कार मिळाला, मग पोलारिस. असं दुहेरी यश क्वचितच मिळतं. तेव्हा शोधताना पुरस्काराचं नव्हे, अल्बम निघाल्याचं वर्ष धरा.

फ्रेंच गाण्यांचीच ओढ असेल, तर क्वेबेकचे फेलिक्स पुरस्कार पाहा.