पन्नाशीनंतर परत फुटबॉल: पोरांबरोबर फाइव्ह-अ-साइड, ट्रस्टचं सकाळचं सेशन की वॉकिंग फुटबॉलचा क्लब?

इथे इंग्लंडात, शेफील्डमधल्या आपल्या दोघा-तिघांनी गेल्या महिन्यात वेगवेगळं गाठून एकच विचारलं, की डॉक्टर चाला म्हणतायत, नुसतं चालायचा कंटाळा येतो, तर ते वॉकिंग फुटबॉल म्हणजे नक्की काय आणि जायचं कुठे. मी तिन्ही प्रकार करून बसलोय (एक तर चांगलाच महागात पडला), म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या मॅचला घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस. त्यामुळे चालत फुटबॉल म्हटल्यावर पहिल्यांदा हसूच आलं. पेठेत कुणी असं काढलं असतं तर म्हातारं चळलं म्हणाले असते. पण हा खेळ निघालाय आमच्या बाजूलाच, चेस्टरफील्डमध्ये, इथून ट्रेनने पंधरा मिनिटांवर. २०११ साली तिथल्या क्लबच्या कम्युनिटी ट्रस्टने (म्हणजे गावातल्या लोकांसाठी काम करणारी क्लबची संस्था) म्हाताऱ्या माणसांना परत मैदानावर आणायला म्हणून सुरू केला आणि मग देशभर पसरला. एरवी शेफील्ड म्हणजे १८५७ सालचा, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब असलेलं गाव, त्यामुळे इथे सत्तरीचा माणूस बूट घालून निघाला तरी कुणी वळून बघत नाही.

नियम थोडक्यात. पळायचं नाही, बॉल पायात असो नसो, एक पाय कायम जमिनीला हवा. स्लाइड टॅकल नाही, ढकलाढकली नाही, ऑफसाइड नाही, थ्रो-इनच्या जागी किक-इन. टीम पाच, सहा नाहीतर सात जणांची. बॉल किती उंच जाऊ द्यायचा आणि गोलीच्या डीमध्ये (गोलसमोर आखलेल्या अर्धगोलात) कुणी शिरायचं हे जागोजागी वेगळं आहे, ते जाल तिथे विचारून घ्या.

आता पहिला पर्याय, पोरांबरोबर फाइव्ह-अ-साइड, म्हणजे छोट्या मैदानावर पाच-पाच जणांचा नेहमीचा पळायचा फुटबॉल. ऑफिसातली तिशीतली पोरं गुरुवारी रात्री खेळतात, एक जण कमी पडला की फोन येतो, काका येता का. मी गेलो. पहिली वीस मिनिटं मी परत पंचवीस वर्षांचा होतो. एकविसाव्या मिनिटाला उजव्या मांडीमागे कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं, मागे वळून बघितलं तर कुणीच नव्हतं, हॅमस्ट्रिंग गेली होती. सात आठवडे जिना एक-एक पायरी करून. पोरांची चूक काहीच नाही, पण त्या खेळात तुमचा वेग दुसरा माणूस ठरवतो आणि आपण मान खाली घालून त्याच्यामागे पळतो, तेही दिवसभर खुर्चीत बसून, वॉर्मअप न करता. तुम्ही आजही आठवड्यातून दोनदा पळत असाल तर खुशाल जा. वीस वर्षांचा गॅप असेल तर माझा सरळ नकार.

दुसरा पर्याय, प्रोफेशनल क्लबच्या कम्युनिटी ट्रस्टचं वॉकिंग फुटबॉलचं सेशन. बहुतेक मोठ्या क्लबांचा असा ट्रस्ट असतो. मी गेलो तिथे वेळ सकाळी दहाची, तीन पाउंड, बिब्स (टीम ओळखायला शर्टावर घालायचे रंगीत बनियन) त्यांचेच, कोच पगारी आणि पोरगेला. आधी एक फॉर्म भरून घेतात, छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, तो खरा भरा, बीपीची गोळी लपवायची ही आपली खोड तिथे उपयोगाची नाही. हार्टचं काही झालेलं असेल किंवा गुडघा बदललेला असेल तर जायच्या आधी डॉक्टरला विचारा, कारण पळणं नसलं तरी गर्रकन वळणं असतंच आणि गुडघ्याला तेच जास्त लागतं.

तिथला पहिला दिवस अजून डोळ्यासमोर आहे. बॉल माझ्याकडे आला, समोर मोकळी जागा, आणि पाय आपोआप उचलले गेले. शिट्टी. परत बॉल, परत शिट्टी. तिसऱ्यांदा तर बॉल दुसऱ्या टोकाला होता, मी नुसता जागा धरायला निघालो होतो, आणि दोन्ही गुडघे बदललेले एक चौऱ्याहत्तरचे आजोबा डिफेन्समधून ओरडले, रनिंग! लाज वाटली. मग हळूहळू लक्षात आलं की पळता येत नाही म्हटल्यावर पास द्यावाच लागतो, आणि पास द्यायच्या आधी बघावं लागतं, जे मी आयुष्यभर केलंच नव्हतं. घामाचं म्हणाल तर तासाभरात शर्ट पिळून काढण्याइतका. खेळ झाला की चहा, आणि तो चहा अर्धं सेशन आहे. बायको गेलेली माणसं असतात, नुकतेच रिटायर झालेले असतात, बोलायला कुणी नसतं म्हणून येणारे असतात. एखादा नेहमीचा आला नाही की दुपारी त्याला फोन जातो.

तिसरा, स्वतंत्र वॉकिंग फुटबॉल क्लब. सभासदांनीच चालवलेला, खजिनदार पण खेळणारा आणि नेट उचलणारा पण खेळणारा. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी असतो, वर्षाची थोडी वर्गणी आणि प्रत्येक वेळचे पाच पाउंड. इथे पन्नाशीची टीम वेगळी, साठीची वेगळी, आसपासच्या गावांशी मॅचेस, आणि तिथे पळालात की रेफरी मोजतो, मग निळं कार्ड दाखवून थोडा वेळ बाहेर बसवतो. नोकरी चालू असलेल्याला सकाळी दहाचं सेशन काय कामाचं, त्याला हेच सोयीचं. पण मंडळी जास्त चुरशीची, आणि काही ठिकाणी जुने लोक आपापसातच पास देतात, नवा माणूस कोपऱ्यात उभा. मी आधी ज्या क्लबात गेलो तिथे हेच झालं, वर शिट्टी नावाला. स्कोअर बरोबरीत आला की सगळे पळायला लागायचे, आणि जो प्रामाणिकपणे चालतो तोच धडकेत सापडायचा. दोन आठवड्यांत सोडला.

म्हणून मला विचाराल तर फी, वेळ, अंतर हे सगळं नंतर. आधी एकदा बाहेर उभं राहून दहा मिनिटं बघा, पळणाऱ्याला शिट्टी बसते का. जिथे शिट्टी कडक तिथे तुमचा गुडघा सेफ आणि खेळही चांगला. जिथे रेफरीच हसून सोडून देतो तो प्रकार नाव बदललेला फाइव्ह-अ-साइड आहे, आणि त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. बाकी रिटायर असाल, किंवा बॉलला पाय लावून वीस वर्षं झाली असतील, तर ट्रस्टकडे जा, तीन महिने तिथेच काढा. मॅचची खाज उठली तर मग क्लब. मी दोन्ही धरलेत, रजा असेल तेव्हा सकाळी आणि एरवी बुधवारी.

बायकांची वेगळी सेशन्स पण बऱ्याच ठिकाणी असतात, साधारण चाळिशीपासून पुढे. आमची ही मला आणायला म्हणून आली होती, आता तिच्या शनिवारच्या सेशनच्या वेळेला गाडी मला मिळत नाही.

सामान फार लागत नाही. बुटाच्या तळाला धातूचे स्टड (खुंट्या) चालत नाहीत, ॲस्ट्रोचे, म्हणजे तळाला बारीक रबरी खुंट्यांचे बूट घ्या, थ्रीजी टर्फवर (रबराचे दाणे घातलेलं नकली गवत) रबरी मोल्डेड स्टडही चालतात. शिन पॅड, पाण्याची बाटली, आणि नोव्हेंबरपासून हातमोजे, कारण इथल्या टेकडीवरचा वारा कानात शिरला की संपलं. टर्फमधले काळे रबराचे दाणे मोज्यांतून घरभर होतात, मोजे बाहेरच झटका, माझे एकदा तसेच वॉशिंग मशीनमध्ये गेले आणि पुढचे पंधरा दिवस टॉवेलातून दाणे निघत होते, त्यावर घरात काय ऐकलं ते लिहीत नाही.

बहुतेक ठिकाणी पहिलं सेशन फुकट असतं, आधी विचारून घ्या. आमच्याकडे बुधवारी येणार असाल तर शिन पॅडची एक जोडी माझ्याकडे जादा आहे, जुने बूट पण आहेत, पण ते नऊ नंबरचे.