बोन कंडक्शन हेडसेट: पावसाळा ते उन्हाळा, ऑफिसात रोज वापरून

चार्जिंग बंद पडलं आणि सर्व्हिस सेंटरशी वाजलं, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव देत नाही, तक्रार अजून चालू आहे.

हा हेडसेट कानात जात नाही, कानापुढच्या हाडावर टेकतो आणि कंपनं थेट आतल्या कानापर्यंत पोचवतो, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. मला दिसत नाही. इंदूरला विजयनगरमध्ये एका खासगी ऑफिसात विम्याचे दावे तपासते, दिवसभर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर, चालू असतो. साधा हेडफोन लावला की शेजारच्या टेबलावरच्या ताईंची हाक ऐकू येत नाही. एकच कान झाकला तर संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. यात दोन्ही कान मोकळे! पहिल्या आठवड्यातच पैसे वसूल झाले असं मी घरी सांगून टाकलं. बाहेरही तेच. राजवाड्याच्या गर्दीत फोनवर रस्ता ऐकत चालता येतं आणि मागून येणारी ई-रिक्षा कळते. तिला इंजिनाचा आवाज नसतो, फक्त चाकांची सरसर. तेवढ्यासाठी कान उघडे हवेतच.

आता मुख्य तक्रार. पहिलं अक्षर गिळलं जातं.

ब्लूटूथवर थोडा वेळ शांतता राहिली की उपकरण झोपतं. पुढची ओळ ऐकायला कीबोर्डवरचा बाण दाबला की ते जागं होईपर्यंत शब्दाची सुरुवात निघून जाते. गाणी ऐकणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. माझ्या फाइलींमधले शेरे हिंदीत असतात. ‘नामंजूर’ला मी ‘मंजूर’ ऐकते, ‘अपात्र’ला ‘पात्र’, ‘अपूर्ण’ला ‘पूर्ण’. कुणाच्या तरी दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न असतो हा. म्हणून प्रत्येक शेरा मी बाण मागेपुढे करून दोनदा ऐकायचे. माझं काम इतरांपेक्षा हळू होतं असं साहेब म्हणाले, तेव्हा फार लागलं. हळू मी नव्हते.

दिवाळीच्या सुमारास मी या हेडसेटला पाचपैकी दोन गुण दिले असते. मग एका ओळखीच्या दादांनी सांगितलं की एनव्हीडीएच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, सेटिंगमध्ये ऑडिओखाली, बोलणं संपल्यावर उपकरण किती वेळ जागं ठेवायचं ते ठरवता येतं. ऑफिसच्या मशीनवरची आवृत्ती जुनी होती, तिच्यात ही सोयच नव्हती. नवी फुकटच मिळते. मायकल करन या स्वतः न दिसणाऱ्या ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 मध्ये एनव्हीडीए सुरू केला तो त्याचसाठी, की महागडा स्क्रीनरीडर न परवडणाऱ्याचं अडू नये. तरी आयटीवाल्यांची परवानगी मिळायला संक्रांत उजाडली. ‘बाहेरचं सॉफ्टवेअर’ म्हणून अर्ज दोनदा परत आला. शेवटी मी लेखी दिलं: दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, आणि त्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी ऑफिसच्याही समान संधी धोरणात सहाय्यक साधनांची तरतूद हवी. आमच्याकडे ते धोरण एचआरच्या कपाटात होतं. एचआरच्या मॅडमनी ते काढून वाचलं, आणि मग परवानगी लगेच आली. वेळ वाढवून ठेवली त्या दिवसापासून ‘ना’ ऐकू येतो. स्पष्ट. शेरा एकदाच ऐकते, पुढे जाते. माझे दोन गुण चारावर गेले. हेडसेटला उगीच बोल लावला जात होता असं मात्र म्हणणार नाही. इतक्या किमतीच्या वस्तूला जागं व्हायला एवढा वेळ लागू नये.

आता बिघाड. चार्जर चुंबकाने चिकटतो, आत धातूच्या बारीक टिकल्या आहेत. मे महिन्याचा घाम, त्यातली एक टिकली बोटाला खरखरीत लागायला लागली, दुसरी अजून गुळगुळीत. काही दिवसांत चार्जिंग बंद. खोक्यावर आयपी67 लिहिलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालावा. सर्व्हिसवाले म्हणाले, “पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.” त्याच्याआधी फोनवर तीन वेळा विचारलं, लाल दिवा लागतो का? मी तीन वेळा सांगितलं की मला दिसत नाही. चौथ्या वेळी व्हिडिओ काढून पाठवा म्हणाले. ज्या वस्तूवर न दिसणारी माणसं काम करतात तिचं चार्जिंग फक्त दिव्यानेच कळावं, याचा मला मनापासून राग येतो. एक टुक आवाज दिला असता तर काय बिघडलं असतं?

दुरुस्तीचा आकडा ऐकून मी पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. जेल रोडच्या एका दुकानात भैयांनी टिकल्या स्पिरिटने घासून दिल्या, चहाच्या पैशांत काम झालं. सध्या चालू आहे. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून, मगच चार्जिंगला लावते. पुढचा हेडसेट ऑफिसने घ्यावा असा अर्ज दिलाय, साहेबांनी सही केली आहे.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी आपला लॅपटॉप दुकानात घेऊन जावं. हेडसेट जोडून मिनिटभर काही करू नये, मग ‘अपात्र’ लिहिलेल्या ओळीवर बाण दाबावा. ‘अ’ ऐकू आला तरच पैसे काढावेत.